गुळगुळीत बाजू वर

कुठलाही कागद हातात आला की ते आधी तो गालाला लावायचे, वाचायचे नंतर. लग्नाची पत्रिका असो, विजेचं बिल असो नाहीतर पंचायतीची नोटीस असो. चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे मिटायचे आणि कागद उजव्या गालावरून हळूच ओढायचा. एकदा माझ्या सासूबाईंनी एक पत्रिका त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "काय ओ केमिस्टानू, लग्न कोणाचा आसा?"

"ते अजून बघितलं नाही," ते डोळे न उघडताच म्हणाले. "पण कागद फार हलका आहे. जेवण बेताचं असणार."

आणि खरंच सांगते, त्या लग्नात दुसऱ्या पंगतीला सोलकढी संपली.

आमच्या गोव्यातल्या लाटंबार्शात सगळे त्यांना केमिस्ट म्हणायचे. ते केमिस्ट नव्हते. पाळी गावाच्या बाजूला एका लोखंडाच्या खाणीच्या प्रयोगशाळेत मातीची परीक्षा करायला होते, आणि कुणी केमिस्ट म्हटलं की न चुकता दुरुस्ती करायचे, "प्रयोगशाळा सहायक." ही दुरुस्ती गावाने कधीच मनावर घेतली नाही. खाण बंद पडली, ते घरी आले, बायको आधीच गेलेली, मुलगी फोंड्याला दिलेली. म्हणजे घरात एक माणूस आणि सत्तावीस वर्षांची मोजायची सवय. मोजायला खनिज उरलं नाही, तर गडी बाकीचं सगळं मोजायला लागला.

त्यांना साधं काही विचारलं तरी उत्तर मिळायचं नाही, रिपोर्ट मिळायचा. "जेवलात काय?" म्हटलं की, "भात पूर्ण. हुमण अर्धं. काटा एक, घशात, निघाला." "बरे आहात ना?" म्हटलं की, "सकाळची साखर एकशे बेचाळीस. इतर तक्रार नाही." त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा हसू आवरेना. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. "मीठ. खात्री केली." "तिरफळं. गेल्या वर्षीची. वास अर्धा." आणि सगळ्यांत वरच्या फळीवर, "साखर. फक्त पाहुण्यांसाठी." मधुमेह होता त्यांना, आणि पथ्य असं कडक की चतुर्थीला नेवरी, म्हणजे करंजी, पुढे केली तर नुसता वास घेऊन "ठीक आहे" म्हणून परत ठेवायचे. सासूबाईंना त्याचा भारी राग. उष्टी नाही पण हुंगलेली नेवरी आता गणपतीला दाखवू कशी, म्हणायच्या.

रिपोर्टाच्या बाबतीत त्यांचे दोन नियम होते. जे आलं तेच लिहायचं, हा एक. आणि रकाना कोरा सोडायचा नाही, हा दुसरा. "कोरा रकाना म्हणजे भित्र्याची सही," असं ते म्हणायचे. हे नुसतं बोलणं नव्हतं. खाणीत एकदा वरच्या साहेबाने सांगितलं होतं की ह्या ढिगाला लोखंड साठ टक्के लिही. ह्यांच्या परीक्षेत आले होते अठ्ठावन्न. ह्यांनी अठ्ठावन्न लिहिले. साहेब म्हणाला, बरं, लिहू नकोस, तोंडी तरी साठ सांग. तर हे म्हणाले, "तोंडी रिपोर्ट नसतो, साहेब." दुसऱ्या दिवसापासून दोन वर्षं त्यांना उघड्यावर, ढिगाऱ्यातून नमुने गोळा करायच्या कामावर घातलं. ही गोष्ट ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, दोन वर्षं उन्हात? आणि तुम्ही गप्प बसलात?"

"टोपी दिली होती," ते म्हणाले.

आता ह्या माणसाचा आणि माझा संबंध कसा आला ते सांगते. मी सावंतवाडीकडची. कॉलेजात सायन्सचं दुसरं वर्ष झालं आणि लग्न करून इथे आले. सासूबाई म्हणजे बायकांच्या बचतगटाच्या अध्यक्ष. गट साटं करायचा. फणसपोळीला इकडे साट म्हणतात. रसाळ फणसाचा रस काढायचा, गूळ घालायचा, पातळ पसरायचा आणि उन्हात वाळवायचा. दूध सोसायटीची जुनी खोली गटाला मिळाली होती, वर सपाट गच्ची. रोज सकाळी आठ-दहा बायका तिकडे जमायच्या, हसणं-खिदळणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं आणि मी घरी चुलीपुढे. दोन वर्षं मी सासूबाईंच्या मागे लागले होते, मला पण घ्या, मला पण घ्या. शेवटी घेतलं. पण उंबऱ्यातच सांगितलं, "हय सून म्हणान लाड नाय. एक चूक केलंस की घरा बसूचा. लोक माकाच बोलतले." मला कबूल होतं. घरात मी नुसती "गो", म्हणजे "अगं", होते, त्या खोलीत बायका मला नावाने हाक मारायच्या. माणसाला आणखी काय पाहिजे? ती खोली सुटू नये एवढंच माझं मागणं होतं.

साटांचं एकच दुखणं होतं, चिकटणं. स्टीलच्या ताटांना खोबरेल लावलं तर महिन्याभरात साट खवट व्हायची. प्लास्टिक घातलं तर उन्हात ते आखडायचं आणि वर वास यायचा. मग सासूबाई म्हापशाला गेल्या आणि बाजारातून मोठ्या ऐटीत बटर पेपर घेऊन आल्या. त्यावर रस ओतला, तर तिसऱ्या दिवशी साट कुठली आणि कागद कुठला ते वेगळं करता येईना. आम्ही कागदासकट चावून बघितलं. तेवढ्यात केमिस्ट रस्त्याने चालले होते. त्यांनी तो कागद मागून घेतला, गालाला लावला आणि म्हणाले, "हा तो नव्हे."

"तो म्हणजे खंयचो?" सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टिकलीचं पाकीट आहे कुणाकडे?"

आता परक्या पुरुषाने सकाळी सकाळी टिकली मागितल्यावर बायकांनी काय करावं? एकमेकींना कोपरं मारून झाली. शेवटी मी माझ्या पर्समधलं पाकीट दिलं. त्यांनी एक टिकली काढली, परत लावली, परत काढली, परत लावली. "पाठीला एवढा डिंक आहे. कपाळाला चिकटते, आरशाला चिकटते, बोटाला चिकटते. मग ह्या कागदाला का चिकटून बसत नाही? इतकी वर्षं लावताय, कधी बघितलंत?"

कुणी बघितलं होतं! जन्मभर आम्ही टिकली बघत आलो, तिच्या पाठचा कागद कोण बघतो? त्यांनी मग समजावलं. ह्या कागदावर सिलिकॉनचा एक पातळ थर भाजून बसवलेला असतो. सिलिकॉन मूळचं वाळूतलं. तो थर पाण्याला धरत नाही, तेलाला धरत नाही, गुळाला धरत नाही. बटर पेपर नुसता तेल अडवतो, गुळापुढे त्याचं काही चालत नाही. कोपऱ्यातून मी चुकून बोलून गेले, "म्हणजे सिलिकाच ना?" त्यांनी वळून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ढिगाऱ्यात साठाच्या वरचं खनिज सापडलं.

"शिकलीस किती?"

"दुसऱ्या वर्षापर्यंत."

"वाया घालवू नका हिला," ते सासूबाईंना म्हणाले. त्या दिवसापासून ते गटातले एकुलते एक पुरुष झाले आणि मी त्यांची सहायक.

म्हापशाच्या एका बेकरी-सामानाच्या दुकानातून खाण्याच्या कामाचा खरा सिलिकॉन कागद आला. टिकलीचा आणि स्टिकरचा कागद खाण्याखाली घालायचा नाही, हे त्यांनी आम्हाला तीनतीनदा बजावलं होतं. पण आल्या आल्या वापरतील तर ते केमिस्ट कसले. एक तुकडा पाण्यात बुडवून ठेवला, ओला असताना ओढून बघितला. एक तुकडा घेऊन पदेराच्या भट्टीवर गेले. पदेर म्हणजे आमचा पाववाला, पहाटे उंडे भाजून सायकलवर विकायला निघणारा. त्याला म्हणाले, भट्टीची आच किती? तो म्हणाला, "ती उंड्याक विचार." मग हे स्वतःच फावड्यावर कागद ठेवून, त्यावर एक उंडा ठेवून, घड्याळ बघत उभे राहिले. उंडा अलगद सुटला, कागद नुसता तांबूस झाला. "भट्टीच्या तोंडाशी टिकतो, थेट ज्वाळेवर टिकत नाही. कागद तो कागदच," अशी नोंद झाली. त्या दिवशी गावाला पाव अर्धा तास उशिरा मिळाला, त्याची नोंद मात्र पदेराने तोंडी केली आणि ती इथे लिहिण्यासारखी नाही.

साटांनी मात्र जादू केली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्याला बोट लावायचं आणि उचलायचं, साट फडक्यासारखी हातात. कागद पुसायचा, परत वापरायचा. केमिस्टांनी एक लांब वही केली. तारीख, हवा, ताव किती, वाळायला लागले किती, वाया गेले किती, कारण, चव. चवीचा रकाना मी भरायचे, कारण ते साटेचा नुसता वास घ्यायचे.

मग त्या मे महिन्यात फोंड्याच्या एका दुकानदाराची मोठी ऑर्डर आली. देवळांत येणाऱ्या लोकांना विकायला एकदम चाळीस ताव साटं हवी होती. आणि नेमका तेव्हा दुकानात दोन्ही अंगांचा कागद संपलेला. मिळाला तो एका अंगाचा. एक बाजू सिलिकॉनची गुळगुळीत, दुसरी नुसता कागद. केमिस्टांनी मला समोर बसवून शिकवलं. "पाण्याचा थेंब टाक. गोळी होऊन पळाला तर ती गुळगुळीत बाजू. पसरून मुरला तर खरखरीत. पेन्सिल फिरव. घसरली तर गुळगुळीत, उमटली तर खरखरीत. खरखरीत बाजूला पेन्सिलने नंबर घाल. नंबर खाली, गुळगुळीत बाजू वर. काय?"

"नंबर खाली, गुळगुळीत बाजू वर," मी म्हटलं. इतकं सोपं होतं हो ते. पाचवीतल्या पोरालाही जमलं असतं.

मी चाळीस ताव कापले. नंबर घालायला बसले. आता आमच्या घरी लहानपणापासून वळण असं, की कोऱ्या कागदावर काही लिहायचं तर आधी वर श्री. वाण्याची यादी लिहायची तरी श्री. माझ्या बाबांनी श्री न घातलेलं पोस्टकार्ड फाडून दुसरं लिहायला लावलं होतं. तेव्हा एवढ्या मोठ्या कामाचा पहिला ताव, त्याच्या कोपऱ्यात मी वळणदार, मोठा श्री काढला आणि त्याखाली एक. मग दोन, तीन, चार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर ताव अंथरायला गेले. पहिला घेतला, पालथा करून फळीवर ठेवायला लागले आणि हात थांबला. श्री पालथा? त्या फळीवर, जिथे मांजर रोज निजतं? त्यावर वरून रस ओतायचा? नाही झालं माझ्याच्याने. मी ताव सुलटा केला. श्री वर आला, मला बरं वाटलं. आणि मग पहिला जसा तसा दुसरा, दुसरा तसा तिसरा, चाळीसच्या चाळीस नंबर वर करून मी घातले. डोक्यात श्री होता, सिलिकॉन कुठे होतं! बायकांनी रस ओतला आणि पसरला. मी पुण्य केल्यासारखी खाली उतरले.

तिसऱ्या दिवशी साटं उलटायला गेलो तर एकही सुटेना. कोपरा उचलला की कागदाचा पापुद्रा साटेला, साटेचा पापुद्रा कागदाला. पश्चिमेला ढग दिसायला लागले होते, दुकानदाराची गाडी परवा यायची होती आणि सासूबाईंचा आवाज गच्चीवरून चारी वाड्यांना ऐकू जात होता. मला अजून उमगलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, मागून ओलं फडकं लावा, कागद सुटेल. लावलं. पाण्याच्या गोळ्या झाल्या आणि कागदावरून खाली पळाल्या. त्या गोळ्या पळताना बघितल्या आणि मला उमगलं. गुळगुळीत बाजू बाहेर होती. माझी खोली गेली.

केमिस्ट आले. पहिल्या फळीपाशी गेले, पहिली साट कोपऱ्यापासून सावकाश, नखाने सोलली. मी त्यांच्या शेजारी उभी होते, म्हणून मला दिसलं. साटेच्या पोटावर, पेन्सिलीचा, उलटा, माझ्या हातचा वळणदार श्री. त्यांनी तो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. माझं तोंड कसं झालं असेल ते मला नका विचारू.

"काय झाला? कोणाची चूक ती सांगा," सासूबाई जिन्यातून वर येत म्हणाल्या.

केमिस्टांनी श्री उमटलेला तो कोपरा तोडला आणि तोंडात टाकला.

चतुर्थीची नेवरी न खाणारा माणूस गुळाची साट चावत होता. चावून झाली, गिळली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "रोल सदोष आहे. तपासून घ्यायची जबाबदारी माझी होती. चूक माझी."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी. पण सासूबाईंच्या कपाळावरची शीर दिसली आणि तोंड आपोआप मिटलं.

साटं वाचवायची युक्तीही त्यांनीच काढली. थंडीने गूळ कडक होतो, कडक झाला की कागद सोडतो. पण चाळीस ताव मावतील एवढा गारठा लाटंबार्शात एकाच ठिकाणी, नाक्यावरच्या दुकानदाराच्या आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये. तो म्हणाला, फ्रीझर भरलेला आहे. सासूबाई म्हणाल्या, "रिकामो करतोंव." आणि भर दुपारी, दुकानाच्या पायरीवर, गटाच्या आठ बायका ओळीने बसून आइस्क्रीम खायला लागल्या. सासूबाईंनी तीन कप संपवले, कपाळाची आठी न मोडता, औषध घ्यावं तसे. दुकानदार आधी रडकुंडीला आला, मग हसायला लागला. केमिस्ट फ्रीझरपाशी घड्याळ घेऊन उभे. दोन तासांनी पहिला ताव काढला, कोपरा धरून झटक्यात ओढला आणि कागद टर्रकन सुटला. आकडे उमटलेले कोपरे आम्ही कात्रीने कापून टाकले. सहा साटं गेली, चौतीस वाचली. फोंड्याचा दुकानदार चौतिसांवर राजी झाला.

पण सासूबाईंनी निकाल दिलाच. "केमिस्टानू, उपकार झाले. पण आता तुमी घरा विश्रांती घेवा. आमचा आमी बघतोंव." ते "बरं" म्हणाले, वही टेबलावर ठेवली, ती गटाची होती म्हणून, आणि निघून गेले. जाताना टोपी घालून गेले.

आठ दिवस मी त्या खोलीत होते. माझं नाव घेऊन हाका येत होत्या आणि मला एकही गोड लागत नव्हती. आठव्या दिवशी नवीन नोंद करायची म्हणून वही उघडली. त्या दिवसाची ओळ त्यांनी लिहून ठेवली होती. हवा, ढगाळ. ताव, चाळीस. वाया, सहा. उपाय, थंडावा, दोन तास. आणि कारण, ह्या रकान्यात काहीच नव्हतं. मी मागची सगळी पानं चाळली. अख्ख्या वहीत तेवढी एकच जागा कोरी. खोटं त्यांच्या हाताला लिहवलं नाही आणि खरं त्यांना माझ्यासाठी लिहायचं नव्हतं. कोरा रकाना म्हणजे भित्र्याची सही. पण ती सही त्यांची नव्हती हो, माझी होती. मला इतकी लाज वाटली की वही घेऊन तशीच घरी धावले.

सासूबाई आदोळीवर बसून खोबरं खोवत होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. श्री, पालथा, सुलटा, सगळं. खोबरं खोवायचं थांबलं.

"म्हणजे त्या माणसान गोड खाल्ल्यान? तुका वाचवक?"

"हो."

"साखर वाढली आसतली मरे!" त्या म्हणाल्या, आणि खोवलेलं खोबरं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "श्री पालथो घालूक तुझो हात झालो नाय, ती चूक मी पोटात घालतंय. माझोय झालो नसतो. पण आठ दिस गप ऱ्हवलंस, ता कोणासाठी गो?"

मी रडायला लागले.

"रडान काय होवचा नाय. चपला घाल."

केमिस्ट सोप्यावर बसून मिऱ्या मोजत होते. आम्हाला बघून उठले. सासूबाई, ज्यांनी उभ्या आयुष्यात पंचायतीपुढेही मान खाली घातली नव्हती, त्या म्हणाल्या, "केमिस्टानू, चूक आमच्या घरची. उद्यापासून येवचा."

"शक्य नाही," ते म्हणाले. "मी खोटा रिपोर्ट दिला. खोटा रिपोर्ट देणाऱ्याला प्रयोगशाळेत ठेवत नाहीत."

"आवो, पण तुमका काढलेला मीच!"

"तुम्ही चुकीच्या कारणासाठी काढलंत. मी बरोबर कारणासाठी बाहेर आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता तू बघ ह्या वेड्याचं. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "काका, खोटा रिपोर्ट कुठे आहे? दाखवा. बोललात तेवढंच ना? तोंडी रिपोर्ट नसतो, तुम्हीच साहेबाला सांगितलं होतं."

मी त्यांच्याच कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं, "पहिल्या तावावर मी श्री लिहिला. तो पालथा घालवेना. म्हणून सगळे ताव उलटे घातले." खाली माझं नाव, आडनावासकट. त्यांनी वही घेतली. आधी गालाला लावली. मग वाचलं. मग "तपासलं" असं लिहून सही केली आणि समासात बारीक अक्षरात एक ओळ घातली, "प्रयोगशाळा सहायकाने कोपरा खाल्ला. त्या दिवशी साखर दोनशे दहा."

मला वाटलं, झालं, संपलं. पण सासूबाई कुठल्या संपवतायत! दारातून परत वळल्या. "पण ओ, मगे श्रीचा काय? आता माका म्हायती झाला. पहिल्या कागदार श्री व्हयोच. आणि पालथो चलचो नाय."

"खरखरीत बाजू वर चालणार नाही," केमिस्ट म्हणाले.

"श्री पालथो चलचो नाय."

केमिस्टांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. मग ते म्हणाले, "उद्या सकाळी सांगतो."

सकाळी आले ते पेन्सिलीला टोक करून. गच्चीवर सगळ्या बायका जमल्या. त्यांनी पहिला ताव घेतला, पाण्याचा थेंब टाकून बघितला, गोळी झाली, पुसली. गुळगुळीत बाजू वर करून ताव फळीवर पसरला. मग खाली वाकून, देवपूजा कधी न करणाऱ्या त्या माणसाने, त्या गुळगुळीत बाजूवर सावकाश पेन्सिल फिरवली. उभी रेघ, गाठ, वेलांटी. पेन्सिल घसरत होती. कागदावर काही उमटलं नाही. आम्ही सगळ्या वाकून बघतोय, कागद कोराच्या कोरा.

"खंय आसा?" सासूबाईंनी विचारलं.

"लिहिला."

"दिसत नाय तो."

"दिसत नाही. लिहिला आहे. दोन्ही खरं आहे, दोन्ही नोंदवतो."

सासूबाई त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चपला काढल्या, पदर सारखा केला, कागदाला हात जोडले आणि रसाची पहिली पळी स्वतः ओतली.

हल्ली ते फोंड्याला मुलीकडे असतात. साटांच्या दिवसांत रोज फोन येतो, आणि "कशी आहेस" वगैरे नाही, थेट "हवा काय म्हणते?" गच्चीवरचा पहिला ताव आता सासूबाईच घालतात, पेन्सिलीला टोक करून. पण मला आठवते ती त्या न दिसणाऱ्या श्रीच्या तावाची तिसऱ्या दिवसाची सकाळ. सासूबाईंनी साटेच्या कोपऱ्याला बोट लावलं, ती अलगद हातात आली. त्यांनी तिचं पोट उलटून बघितलं. स्वच्छ. मग नखाएवढा तुकडा तोडला आणि केमिस्टांच्या पुढे धरला.

"साखर," ते म्हणाले.

"खावा ओ. आज त्यात पुरावो नाय."

त्यांनी तो घेतला. वास घेतला नाही, सरळ तोंडात घातला. मग वही ओढली, आणि चवीच्या रकान्यात, जो इतके दिवस माझ्या अक्षरात होता, स्वतःच्या हाताने लिहिलं, "गोड. खात्री केली."